वेम्बलीतली पाच गाणी

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. त्याच्या ‘क्वीन’ बँडचा जुलै १९७३मध्ये आलेला पहिला अल्बम मात्र फारसा कुणी ऐकत नाही. त्या अल्बमचा आवाज खुद्द बँडलाच कधी पुरता पटला नाही. असे का, याचे उत्तर आधीच्या पाच ध्वनिमुद्रणांत सापडते.

१९७१च्या अखेरीस लंडनच्या वेम्बली भागात डी लेन ली स्टुडिओची नवी वास्तू उभी राहिली होती. एका दालनातला आवाज दुसऱ्यात झिरपतो का, यंत्रे नीट चालतात का, हे पाहायला दणदणीत वाजवणारे कुणीतरी हवे होते. हाती पैसा नसलेल्या ‘क्वीन’ने ते काम घेतले आणि मोबदल्यात डेमो फुकट करून घेतले. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’, ‘द नाइट कम्स डाउन’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’ ही ती पाच गाणी.

डेमो म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांना ऐकवायचा नमुना; एरवी तो कच्चा खर्डाच असतो. इथे उलटे झाले. १९७२मध्ये सोहोतल्या ट्रायडंट स्टुडिओत अल्बमचे काम सुरू झाले, पण इतर गिऱ्हाइके नसतील त्या वेळांत, बरेचसे रात्री. तिथे ड्रम आवाज शोषणाऱ्या छोट्या खोलीत ठेवत, त्यामुळे त्यांचा नाद कोरडा पडला. ड्रमर रॉजर टेलरला तो रुचला नाही. गिटारवादक ब्रायन मे याला ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’चे डेमोतलेच रूप सरस वाटत राहिले. ‘द नाइट कम्स डाउन’ पुन्हा वाजवूनही साधेना, तेव्हा डेमोचे मुद्रणच अल्बममध्ये गेले.

उरलेली चार मुद्रणे अधिकृतपणे यायला २०११ उजाडले. ब्रायन मे याने जपलेली या डेमोंची अ‍ॅसिटेट तबकडी तेव्हा कामी आली. २०२४च्या ‘क्वीन वन’ या संचात पाचही डेमो नव्या मिक्सिंगसह आले आणि मूळ अल्बमचे ड्रमही आजच्या तंत्राने सुधारण्यात आले. ती सुधारणा चांगलीच आहे, पण पन्नास वर्षांनंतरची. बँडला हवा असलेला आवाज १९७१मध्येच त्यांच्या हाती होता, याचा पुरावा डेमोच देतात. म्हणून आधी डेमोतले ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ ऐका, लगेच १९७३चे ऐका, आणि कौल तुम्हीच द्या.