बांगड्याच्या कल्ल्यातला बिऱ्हाडकरू

बांगडा घेताना कल्ल्यावरचं झाकण बोटानं उचलून पाहायची आपली रीत. कल्ले लालभडक असले तर मासा ताजा. पण एखाद्या बांगड्यात झाकण उचलताच फिकट पांढरा, बोटाच्या पेराएवढा किडा दिसतो आणि गिऱ्हाईक मासा पाटीत परत टाकतं. मी असा बांगडा मुद्दाम मागून घेते.

ताटलीत मासा आडवा ठेवून कात्रीनं झाकण कापलं की किडा पुरता दिसतो. त्याचं शास्त्रीय नाव नोरिलेका इंडिका. कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातला हा जीव. पायांच्या सात जोड्या, प्रत्येक पायाच्या टोकाला आकडा. चिमट्यानं नुसतं ओढून तो सुटत नाही, एकेक आकडा सोडवावा लागतो. शरीर एका बाजूला वाकलेलं असतं, कारण कल्ल्याच्या चिंचोळ्या पोकळीत सरळ वाढायला जागाच नसते. तो माशाचं रक्त पितो. जिथे बसतो तिथले कल्ल्याचे तंतू दबून आखूड झालेले असतात. मासा मरत नाही, पण त्याचा श्वास तोकडा पडतो.

मोठा किडा बहुधा मादी. उलटी केली की पोटाखाली पातळ पापुद्र्यांची पिशवी दिसते, तिच्यात अंडी किंवा पिल्लं. छोटा नर आसपासच सापडतो. यांच्यात प्रत्येक जीव आधी नर असतो, पुढे त्याचीच मादी होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या छोट्या नराकडेच पाहत राहिले.

याचा एक भाऊबंद, सिमोथोआ एक्झिग्वा, मेक्सिकोजवळच्या समुद्रात माशाच्या जिभेला चिकटतो. रक्त शोषून जीभ झडवतो आणि उरलेल्या खुंटाला धरून स्वतःच जिभेच्या जागी बसतो. मासा त्याचा जिभेसारखा वापर करतो, असं ब्रुस्का आणि गिलिगन या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं. परजीवीनं यजमानाचा अख्खा अवयव झडवून त्याची जागा घेतल्याचं असं दुसरं उदाहरण प्राणिसृष्टीत सहजी सापडत नाही.

कल्ल्यातला हा किडा माणसाच्या शरीरात राहू शकत नाही. जिवंत असला तर बोटाला चिमटा काढेल, एवढंच. आणि किडा आहे म्हणून मासा नासला, असं मुळीच नाही. तेव्हा कोळणीशी भांडू नका. कल्ले काढून टाका, बांगडा स्वच्छ धुवा, नीट शिजवा आणि खुशाल खा. फक्त टाकण्याआधी तो किडा एकदा उलटा करून पाहा.