घाटमाथ्यावरची दोन मिनिटे

करंजी घाट चढून आलेली गाडी चहाच्या टपरीपुढे थांबते, चालक एका हाताने चावी फिरवतो, दुसऱ्याने दार उघडतो, आणि इंजिनाची घरघर थांबताच पसरणारी शांतता त्याला सुखाची वाटते. परंतु ती गाडी जर गेल्या शतकाच्या अखेरची टर्बो सिएरा किंवा सफारी असेल, तर त्याच क्षणी बॉनेटखाली तळहातावर मावेल एवढे एक चक्र, तेलाचा पुरवठा तुटलेल्या अवस्थेत, अजूनही गरगरत असते, आणि त्या शांततेची किंमत तेच मोजत असते.

टेल्कोने पुण्यात घडवलेल्या या गाड्यांची हौस आमच्या नगर जिल्ह्यात (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, बोलण्यात मात्र नगरच) नव्याने बळावलेली दिसते. सिएरा १९९१ ची, तिला टर्बो लाभला तो पुढे काही वर्षांनी. सफारी मात्र १९९८ साली टर्बो घेऊनच रस्त्यावर आली. दोहोंच्या पोटात १९४८ घनसेंटिमीटरचे तेच डिझेल इंजिन. साध्या अवस्थेत ते साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या घरात रेंगाळणारे, टर्बो जोडताच नव्वदीच्या आसपास पोहोचणारे. ही वाढ फुकटची नव्हे, आणि तिचा हप्ता कोठे भरावा लागतो हे ठाऊक नसलेला नवा मालक बहुधा पहिल्याच वर्षी मिस्त्रीच्या वहीत आपले खाते उघडतो.

इंधनातील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो, आणि या उधळपट्टीतून काही वसूल करता येईल काय, असा विचार करणाऱ्या आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली आपल्या योजनेचे पेटंट घेतले. योजना अशी की, बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि या दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, म्हणजे अधिक हवेत अधिक इंधन जळेल. हाच टर्बो. रणगाड्यांच्या आमच्या नगर गावात टर्बो आणि इंजिनानेच फिरवलेला पंखा यांतला भेद समजावणे सोपे आहे: टी-७२ रणगाड्याच्या ७८० अश्वशक्तीच्या इंजिनातही हवा दाबूनच भरली जाते, पण तिथला पंखा इंजिन स्वतःच्या दांड्यावरून फिरवते, अर्जुन रणगाड्याच्या जर्मन इंजिनात मात्र ते काम धुराकडे सोपवलेले आहे. पहिला प्रकार पगारी नोकराचा, दुसरा उरल्यासुरल्यावर राबणाऱ्याचा.

हा राबणारा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याच्या दांड्याला सामान्यतः बॉलबेअरिंगचा नव्हे, तर केवळ तेलाच्या पातळ थराचा आधार असतो. ते तेल इंजिनाच्या पंपाकडून येते. इंजिन थांबले की पंप थांबतो, पण चक्र लगेच थांबत नाही, आणि शेजारच्या कवचात साठलेली कित्येक शे अंशांची धग अडकलेल्या तेलाला जाळून त्याचा काळा कोळसा करते. म्हणून घाट चढून आल्यावर दोन मिनिटे गाडी संथ गतीवर चालू ठेवावी, आणि पहाटेच्या थंडीत सुरू केल्यावर, तेल दांड्यापर्यंत पोहोचेतो, अर्धे मिनिट तरी ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. तेलाच्या बाबतीत काटकसर करणाऱ्या इसमाने टर्बोच्या वाटेस जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे; टर्बो डिझेलसाठी नेमून दिलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे, आणि मागील मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी गाडी ताब्यात येताच ते फिल्टरसह बदलावे.

दुसरा वैरी धूळ. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात, उसाच्या ट्रॅक्टरांमागून कच्च्या रस्त्याने जाताना, गाडी किती माती गिळते याचा अदमास एअर फिल्टर झटकल्याशिवाय येत नाही. आणि फाटक्या फिल्टरमधून निसटलेला बारीक कण एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या धारेवर कानशीप्रमाणे चालतो.

मात्र गाडी दम खाऊ लागली की सगळा दोष टर्बोवर ढकलण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. ओढ कमी झाली, मागे काळा धूर दिसू लागला, चढावर कोठूनतरी फुसफुस ऐकू येऊ लागली, तर आधी दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे रबरी पाइप तपासावेत. पंचवीस वर्षांचे रबर तडकते, दाबलेली हवा वाटेतच निसटते, आणि काही शे रुपयांच्या पाइपापायी काही हजारांचा टर्बो बदलला जातो. निळा धूर दिसला तर तेल जळते आहे हे खरे. परंतु टर्बोतून तेल खाली उतरवणारी नळी गाळाने तुंबली असेल, किंवा इंजिनाचा श्वासमार्ग बंद झाला असेल, तर तेल परत जाण्याऐवजी सांध्यातून हवेच्या वाटेत झिरपते, आणि अशा वेळी नवा टर्बो बसवला तरी तोही त्याच आरोपाखाली पकडला जातो. माझ्याच गाडीचे असे दोन टर्बो एका गॅरेजात बदलले गेले; तिसऱ्या वेळी एका वृद्ध फिटरने ती नळी काढून तारेने साफ केली आणि माझ्याकडून फक्त चहा घेतला. खात्री करायची असेल तर इंजिन थंड झाल्यावर हवेचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवावा: आडवी किंचित हालचाल चालते, पुढेमागे खेळ जाणवला तर मात्र निकाल लागला. नवा टर्बो बसवताना त्याच्या तोंडात आधी तेल ओतावे, आणि डिझेलचा पुरवठा तोडून, तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवावे.

दस्तऐवजांचे थोडक्यात सांगतो. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत केव्हाच संपलेली असल्याने नूतनीकरण, पर्यावरण कर आणि विमा यांची खातरजमा सौद्याआधीच करावी. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी पन्नास वर्षे पुरी झालेल्या वाहनालाच मिळते.

एका प्रसंगाची मात्र प्रत्येक मालकाने मनात तालीम करून ठेवावी. टर्बोच्या सांध्यातून झिरपणारे तेल फार झाले तर डिझेल इंजिन त्यावरच चालू लागते. मग चावी काढून घेतली तरी ते थांबत नाही, उलट किंचाळत वेग वाढवीत जाते, कारण त्याला आता टाकीतल्या डिझेलची गरजच उरलेली नसते. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, हातब्रेक ओढून, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच एकदम सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. तेही न साधल्यास, आणि जवळ जाणे सुरक्षित असेल तरच, हवेचे तोंड सपाट फळीने झाकावे. हाताने कदापि नव्हे. माझ्या गाडीच्या मागच्या आसनाखाली वीतभर लांबीची अशी एक फळी गेली सहा वर्षे पडून आहे, आणि घरातील मंडळी तिला पोळपाटाचा तुटका तुकडा समजून दर दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढून ठेवतात.