प्लेटलेट आणि डब्यातली गोळी

पावसाळ्यात आमच्या बिदर-भालकीकडे किंवा कलबुर्गी-आळंदला कुणाला डेंग्यू झाला की पहिला प्रश्न येतो, "प्लेटलेट किती?"

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण 1.5 ते 4.5 लाख असतात. एरवी चपट्या चकत्यांसारख्या वाहतात. रक्तवाहिनीला चीर पडली की आतलं कोलॅजन उघडं पडतं. प्लेटलेट त्याला चिकटतात, काटेरी होतात आणि थ्रॉम्बॉक्सेनसारखी रसायनं सोडून इतर प्लेटलेटना बोलावतात. त्यावर फायब्रिनचं जाळं बसतं आणि रक्त थांबतं.

हीच गुठळी हृदयाच्या धमनीत झाली तर झटका येतो. म्हणून माझ्या बाबांना डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली आहे. ती थ्रॉम्बॉक्सेन अडवते. तिचा परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे 7 ते 10 दिवस टिकतो.

डेंग्यूत मात्र प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. म्हणून तापात घरातल्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन कुणालाही देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. जे आधीपासून अ‍ॅस्पिरिन घेतात, त्यांनी ती परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं, तर प्लेटलेटच्या आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठा.