गांधीजी पळत का दिसतात?

गांधीजींच्या जुन्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतीलच. काही फितींत ते जवळजवळ पळतानाच दिसतात. गांधीजी झपाझप चालत, हे खरे. पण त्यांच्या भोवतीची माणसेही तशीच दुडदुडत असतात. या सगळ्यांना एवढी घाई कसली?

घाई माणसांना नव्हती. मूकपटांच्या काळी कॅमेरे पुष्कळदा हाताने दांडी फिरवून चालवीत आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपीत. बोलपट आल्यावर हा वेग सेकंदाला २४ चित्रे असा ठरला. आता १६च्या वेगाने टिपलेली फीत २४च्या वेगाने दाखवली, तर काय होईल? ६० सेकंदांचे चालणे ४० सेकंदांत उरकेल. ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस ताशी साडेसात किलोमीटरने धावू लागेल!

एकाच कॅमेऱ्याची फीत असती, तर ती सावकाश दाखवून भागले असते. पण अनेक कॅमेऱ्यांच्या फिती एकत्र जोडायच्या असल्या म्हणजे? १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याच वर्षी ए. के. चेट्टियार या तमिळ पत्रकाराने तयार केलेला ‘महात्मा गांधी’ हा माहितीपट पडद्यावर आला. त्यासाठी त्यांनी देशोदेशी हिंडून सुमारे ५०,००० फूट फीत गोळा केली. ती तीसेक वर्षांत सुमारे शंभर कॅमेरामननी टिपलेली होती. त्यातून सुमारे १२,००० फूट निवडली गेली. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजे बोलपटाच्या वेगाने मिनिटाला ९० फूट फीत सरकते. बारा हजार फुटांना किती वेळ लागेल, ते तुम्हीच काढून पाहा. सव्वादोन तासांच्या जवळपास उत्तर येईल.

वेगवेगळ्या वेगांच्या अशा फिती जुळवण्याची एक साधी युक्ती आहे. नवी प्रत काढताना प्रत्येक दुसरे चित्र दोनदा छापायचे. दोनाची तीन चित्रे होतात, सोळाची चोवीस! चालणे किंचित अडखळते, पण वेग खरा होतो. ज्यांनी गांधीजींना कधीच पाहिले नाही, त्यांच्यासाठी हा खरेपणा महत्त्वाचा आहे. त्यांची चाल कशी होती, हे त्यांना या फितीच सांगणार.

आज दोन मोबाइल फोनांनी केलेले चित्रण जोडतानाही वेळेचा मेळ घालावाच लागतो. शाळेच्या मैदानावर हा प्रयोग करून पाहा. दोन्ही फोनांवर सेकंदाला ३० चित्रांचा वेग ठेवा. एक फोन मित्राजवळ ठेवा, दुसरा त्याच्यापासून ३४ मीटरवर. चित्रण सुरू करून मित्राला एकदा जोरात टाळी वाजवायला सांगा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून दूरच्या फोनात टाळीचा आवाज एक दशांश सेकंद, म्हणजेच तीन चित्रे, उशिरा उमटेल. आवाजावरून जुळवणी केलीत, तर दोन फोनांतली चित्रे तीन घरे पुढेमागे होतील. तळहात ज्या चित्रात एकमेकांना टेकले, ते चित्र दोन्हीकडे शोधा आणि तेथूनच जुळवणी करा.