इथे जन्मलेलं पोट

माझा थोरला अकरा वर्षांचा असताना एकदा म्हणाला, "आई, शीतून रक्त पडतंय." कॅनडातल्या मिसिसॉगातली जानेवारीतली सकाळ, शाळेची बस यायला दहा मिनिटं. मी साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. "उष्णता झालीय गं, सब्जा दे भिजवून." सब्जा झाला, इसबगोल झालं, तिखट बंद झालं. तीन आठवडे असेच गेले. तोवर पोर दिवसातून आठ-नऊ वेळा बाथरूमकडे पळत होतं आणि पँट कमरेवर राहत नव्हती. त्या तीन आठवड्यांची खंत मला अजून आहे.

दुर्बिणीतून तपासल्यावर निदान झालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं, त्यावर व्रण पडतात, रक्त आणि आव पडते. याच्याच जोडीचा क्रोन्स हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात. शरीराची संरक्षणयंत्रणाच आतड्यावर उलटते. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, पण तो कायमचा सोबती.

"आमच्या दोन्ही घराण्यांत हे कुणालाच नाही, मग याला कुठून?" मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही कॅनडात आलात तेव्हा वय काय होतं?" एकोणतीस. "आणि हा?" हा इथलाच.

त्यांनी सांगितलेलं मी नंतर मुळातून वाचलं. आमच्याच ऑन्टॅरिओ प्रांतातल्या स्थलांतरितांच्या आरोग्यनोंदी तपासून 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्यांना आयबीडीचा धोका इथल्यांपेक्षा कमी. पण दहा वर्षं लहान वयात आलात, की तो 14 टक्क्यांनी वाढतो. आणि दक्षिण आशियाई आईबापांच्या इथे जन्मलेल्या मुलांना तो इथल्या इतर मुलांइतकाच. एकाच कुकरमधला वरणभात खाणारे आम्ही सगळे, पण माझं आणि नवऱ्याचं पोट साताऱ्याचं, लेकाचं मिसिसॉगाचं.

इंग्लंडात लेस्टरला स्थलांतराचा हा परिणाम आधीच दिसला होता. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं तिथे स्थिरावली. पुढे डॉक्टरांनी मोजदाद केली, तेव्हा दक्षिण आशियाई लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला.

मग दोष रक्ताचा? थोडा आहेच, युरोपीय वंशाच्या अश्केनाझी ज्यूंमध्ये आयबीडी इतरांपेक्षा जास्त आढळतो. पण 2001 मध्ये क्रोन्सशी जोडलेलं जे पहिलं जनुक सापडलं, त्यातले युरोपीय लोकांत दिसणारे बदल भारतीयांत जवळजवळ नसतातच. शिवाय जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. बदलतात ते आतड्यातले जिवाणू. थायलंडहून अमेरिकेतल्या मिनेसोटात आलेल्या ह्मोंग आणि करेन स्त्रियांचा अभ्यास 2018 मध्ये आला. काही महिन्यांतच त्यांचे मूळचे जिवाणू घटू लागले होते; भाज्या-धान्यातला चोथा पचवण्याची ताकदही कमी होत गेली. बालपणी जिवाणूंची ही वस्ती बसत असते, म्हणून लहान वयातल्या अँटिबायोटिकांकडेही संशोधक बोट दाखवतात. माझ्या मुलाला दोन वर्षांचा होईपर्यंत कानदुखीसाठी ती चार-पाचदा दिली होती. "एका मुलाच्या बाबतीत असं कारण ठरवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मी मात्र तारखा मोजत बसले होते.

तिकडे भारतातही हा आजार नाही असं समजू नका. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबातल्या एका पाहणीत लाखामागे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. आपल्याकडे क्रोन्सची गफलत आतड्याच्या टीबीशी होते आणि माणूस महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खातो.

थोरला आता सोळाचा आहे. रोज सकाळी मेसालामीन या औषधाची पुडी घेऊन बसला पळतो. गेल्या ऑक्टोबरात धाकटीचं पोट दुखायला लागलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिच्या शौचाचा नमुना लॅबला दिला. आतडं सुजलं असलं की शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढतं. तिचं नॉर्मल आलं. रात्री साताऱ्याला फोन लावला, तर मी काही सांगायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "रक्त नाही ना गं पडलं?"