बाटलीवरचा चौकोन

डोंगरातल्या उपकेंद्राची मी नर्स. नियमाने आमच्याकडे ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाटीवर ५,००० ला. पाडे किती लांब, ते नियमात नाही. लोकांना वाटतं, सुई टोचली की आमचं काम झालं. खरी काळजी असते ती व्हॅक्सिन कॅरिअरची, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीची.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. म्हणून फ्रीजरमधली बर्फाची पाकिटं मी लगेच कॅरिअरमध्ये भरत नाही. हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. कडक बर्फाला टेकून पेंटाव्हॅलंट लस गोठली, तर ती वाया. उष्णतेची खबर बाटलीवरच मिळते: वर्तुळात एक फिकट चौकोन. तो वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद, बाहेर कितीही आया ताटकळत असोत.

गोवर-रुबेलाची लस द्रावणात मिसळली की ४ तासांत वापरायची, उरलेली टाकायची. एकाच बाळासाठी बाटली फोडायची का? मी फोडते. ते बाळ पुन्हा येईलच याची खात्री कोण देणार?

टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगितलं की आयांना शेतातली कामं आठवतात. तरी थांबा. आणि पुढच्या वेळी तो चौकोन दाखवायला सांगा. मी तरी रागावणार नाही.