संगणकाची वेळ का चुकते?

शाळेत साडेदहाची घंटा होते, तेव्हा संगणकाचा पडदा दुपारचे चार दाखवितो. इंटरनेट जोडून थोडा अवधी गेला की तोच संगणक आपण होऊन योग्य वेळेवर येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार! लिनक्स प्रणालीच्या संगणकाबाबत असे घडले की यंत्र बिघडले असे समजून ते शहरात दुरुस्तीस पाठविण्याकडे कल होतो. वास्तविक यंत्र बहुधा निर्दोष असते. चूक नेमकी किती वेळाची आहे, हे पाहिल्यास कारणाचा माग लागतो.

येथे मुंबईचा एक जुना प्रसंग उपयोगी पडेल. 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ सुरू झाली. ती 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावरची. मुंबई त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेदहा अंश; दर अंशास चार मिनिटे या हिशेबाने तिची स्थानिक वेळ सुमारे 39 मिनिटे मागे. परळ-लालबागच्या गिरणी कामगारास या बदलामुळे तितकेच लवकर कामावर हजर होणे भाग पडू लागले, आणि त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी त्याविरुद्ध उठाव केला. ‘मुंबई वेळ’ शहरात पुढे 1955 पर्यंत टिकून राहिली. गिरगावातून दादरला गाडी गाठण्यास निघणाऱ्याने घरचे घड्याळ कोणत्या वेळेचे, हे आधी पाहणे इष्ट होते. दोन घड्याळांत 39 मिनिटांचे अंतर दिसले, तर घड्याळजीकडे धावण्याचे कारण नव्हते.

संगणकातही घड्याळे दोन असतात. एक मदरबोर्डवरचे, संगणक बंद असतानाही ते नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. दुसरे लिनक्स प्रणालीचे. ते सुरू होताना पहिल्यावरून वेळ घेते. पहिले घड्याळ जागतिक वेळ दाखविते असे लिनक्स गृहीत धरते व तीत साडेपाच तास मिळविते. त्याच संगणकावर विंडोजही असल्यास ती प्रणाली पहिल्या घड्याळात भारतीय वेळच लिहून ठेवते. मग साडेदहात साडेपाच मिळून चार वाजतात. नंतर इंटरनेटवरील कालसेवकाकडून खरी वेळ मिळाली की चूक नाहीशी होते. आपोआप सुधारणाऱ्या घड्याळाचे गूढ एवढेच.

टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दिल्यास स्थानिक वेळ, जागतिक वेळ, मदरबोर्डची वेळ आणि वेळविभाग एकत्र दिसतात. विभागापुढे ‘एशिया/कोलकाता’ असावे. मुंबईच्या संगणकावरही हेच नाव असते, म्हणून बुचकळ्यात पडू नये. कलकत्त्याची जुनी स्वतंत्र वेळ 1948 मध्येच संपली, नाव मात्र भारतीय प्रमाणवेळेस चिकटले. विंडोज ठेवणे आवश्यक असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने त्याच आज्ञेपुढे ‘सेट-लोकल-आरटीसी 1’ लिहावे. लिनक्स या व्यवस्थेबद्दल धोक्याची सूचना देते. परंतु तिचा मुख्य रोख ऋतूप्रमाणे घड्याळे मागेपुढे करणाऱ्या देशांकडे आहे. आपल्याकडे तसे होत नसल्याने ही सोय चालण्याजोगी आहे.

चूक साडेपाच तासांची नसून तारीखच कित्येक वर्षे मागची दिसत असेल, तर बॅटरी संपली असे समजावे. याची हयगय करू नये. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. तारीख चुकली की ब्राउझर ती अवैध ठरवितो आणि ऐन माहिती भरण्याच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही. शिक्षक मात्र इंटरनेटला दोष देत बसतात. सीआर 2032 ही तीन व्होल्टची बॅटरी पुष्कळ संगणकांत असते. संगणक बंद करून, वायर काढून ती बदलता येते.

एखादे वेळी इंटरनेट उत्तम चालते, तरी वेळ जुळत नाही. वेळेचे निरोप 123 क्रमांकाच्या द्वाराने ये-जा करतात व काही जाळ्यांत ते बंद केलेले असते. मोबाइलचे इंटरनेट जोडून पाहावे. काही मिनिटांत वेळ जुळली, तर अडथळा शाळेच्या जोडणीत आहे. तरीही न जुळल्यास वरच्याच आज्ञेच्या उत्तरात ‘एनटीपी’ सेवा सुरू आहे की नाही ते पाहावे. ‘क्रोनी’ आणि ‘टाइमसिंकडी’ हे दोन्ही कार्यक्रम एकाच वेळी चालू असल्यास त्यांपैकी एक बंद करावा.